मुलींचं अक्षर छान असतं

ती. बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

कारखान्यात सगळे माझ्याशी गोड बोलतात, तेच खटकतं. मीटिंगमध्ये मोठे साहेब वही माझ्याकडेच सरकवतात. म्हणतात, "मुलींचं अक्षर छान असतं." हे कौतुक आहे की डाव? बाकीचे इंजिनिअर यंत्र उघडतात आणि मी लिहीत बसते. परवा पंपातला बिघाड मी ओळखला, पण साहेबांनी नोंदीत स्वतःचं नाव घालायला सांगितलं. तेही मीच लिहिलं, वळणदार अक्षरात!

लहानपणी तुम्ही रोज पानभर शुद्धलेखन लिहून घ्यायचात ना?

हे पत्र वाचताना डोळे ताणावे लागतील. घाबरू नका, हात बरा आहे. अक्षर बिघडवायचा सराव चाललाय.

तुमची,
धाकटी