मैत्रीच्या फेरीचा हँडिकॅप

३ नोव्हेंबर, सोमवार
दुरुस्ती. गेल्या आठवड्यात लिहिलं होतं की सकाळची मैत्रीची फेरी हँडिकॅपमध्ये धरत नाहीत. चूक. आधी सांगून, नियमाने खेळलं आणि सोबतच्या खेळाडूने कार्डावर सही केली, तर धरतात. क्लबचे सेक्रेटरी बबनराव म्हणाले, बाबांनी दसऱ्यापासूनची सगळी कार्डं जमा केली. सगळ्यांवर सही माझी. बाबांचा हँडिकॅप चोविसावरून एकवीस. आईला समजावलं तेच इथे लिहिते: ही फटक्यांची सूट असते. सूट जितकी कमी, तितका खेळाडू चांगला.

मी कार्डावर खोटं काही लिहिलेलं नाही. फटके मारले तितकेच मांडले. बॉल फक्त हलवला. तोही बाबांचा. स्वतःचा कधीच नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
सुरुवात कशी झाली ते नीट लिहून ठेवते. कॉलनीच्या मैदानाच्या कुंपणापलीकडे कपाशी आहे. वाऱ्याने एका बोंडाचा कापूस गवतात आला होता. बाबा त्यासमोर उभे राहिले, पाय जुळवले, नेम धरला. बॉल चार पावलं मागे होता. मला गोल्फ बाबांनीच शिकवलं, मी सात वर्षांची असताना. त्यांना काय सांगणार? बॉल आणून कापसाच्या जागी ठेवला. फटका सुंदर बसला.

त्याला फसवणूक म्हणत नाहीत. तरी रविवारी सांगून टाकायचं.

९ नोव्हेंबर, रविवार
सांगितलं नाही. बाबा फार खुशीत होते. आज बॉल फक्त तीनदा हलवला. त्यात एकदा पायाने. ते धरायचं की नाही, माहीत नाही.

जेवताना आईने टोमणा मारला. ताटातलं मीठ दिसत नाई तुमाले, अन् बॉल कसा दिसते? बाबा हसले. म्हणाले, थेंब लागू पडून राह्यले, नाई त हँडिकॅप उतरला असता का? म्हणून गुरुवारी डोळे दाखवायला सेवाग्रामला जायचं नाही. दिवसभर नंबर लावून बसायचं काऊन?

उन्हाळ्यात तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, तपासणी चुकवू नका. एकदाच चुकली तर त्याला चुकवणं म्हणत नसावेत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सेवाग्राम नाही. मैदानावर गेलो.
नवी योजना, आधीच्यापेक्षा बरी. बॉल हलवायचाच नाही. हँडिकॅप आपोआप वर चढेल आणि बाबांना आपोआप कळेल. सांगायची गरज नाही. शनिवारपासून.

१५ नोव्हेंबर, शनिवार
योजना पहिल्या होलवर राबवली. बाबा बराच वेळ काठीने गवत चाचपत राहिले. बॉल त्यांच्या बुटाला लागून होता. मला बघवेना. हळूच पुढे सरकवला. म्हणाले, अरे, हा इथंच त आहे.
योजना उद्यापासून.

२२ नोव्हेंबर, शनिवार
हँडिकॅप एकोणीस. बबनरावांनी त्या आकड्यावर बाबांना क्लबच्या टीममध्ये घेतलं. रविवारी, ३० तारखेला, नागपूरला सामना. तिथे सोबत नागपूरचा खेळाडू असणार, मला दोरीच्या बाहेर उभं राहावं लागेल. बाबांनी बूट पांढरे केले. टोपी धुतली. फोनवर तिघांना सांगितलं.
आता सांगणं भागच आहे. आदल्या दिवशी, शांतपणे.

२९ नोव्हेंबर, शनिवार
बाबा लवकर झोपले. उठवलं नाही. झोप डोळ्यांना चांगली.

३० नोव्हेंबर, रविवार
पहिल्या होलवर तीन बॉल हरवले. चौथ्या होलवर बाबा दुसऱ्याच्याच बॉलसमोर उभे राहिले. नागपूरकर सभ्य होते, कोणी हसलं नाही. सहाव्या होलनंतर बाबांनी आपणहून काठ्या पिशवीत ठेवल्या. बबनराव म्हणाले, आपल्याकडे होलभोवती तेल टाकलेली वाळू, इथे गालिच्यासारखं गवत, सवय नसली की होतं असं. मीही मान डोलावली.

परतताना बुटीबोरी मागे पडली. बाबा म्हणाले, "मले वाटे, मी खरंच चांगला खेळून राह्यलो."

मी खिडकीची काच लावून घेतली.

"आपल्या इथं त चांगला खेळतो ना मी, नंदू? तूच त सही करते."

मी हो म्हटलं.

१ डिसेंबर, सोमवार
सेवाग्रामला फोन केला. गुरुवार, ११ डिसेंबर मिळाला. बाबा नको म्हणाले. डोळ्यांचं काही नाही, हात बसला नाही, आता सकाळी एक फेरी जास्त खेळायची. मला पाच वाजता उठवायला सांगितलं आहे.
खरं कळल्याशिवाय ते दवाखान्यात येणार नाहीत. खरं फक्त मला माहीत आहे. तेव्हा ठरलं. पहिल्या होलवर, फटका मारायच्या आधी, कापसापासून सगळं सांगायचं. उद्या नको, कालचं अजून ताजं आहे.
बुधवार, १० डिसेंबर.