खिडकीतून दिलेलं पोर

प्रिय अंब्रुश,

तुझं टोरांटोहून आलेलं पत्र मिळालं. फार्कश म्हणजे लांडगा, एवढं तुझ्या नातवाला कळलंय. पण हे आडनाव आपल्याला पडलं कसं, ते त्याला शाळेत सांगायचंय म्हणतोस. पणजोबांनी नुसत्या हातांनी लांडगा मारला, ही बाबांची थाप होती. बाबा कोंबडी कापतानासुद्धा डोळे मिटायचे.

खरं काय ते आईनं मला सांगितलं होतं. पणजोबांच्या आधीची तीन भावंडं तान्हेपणीच गेली. हेही तापानं फणफणले, तेव्हा त्यांच्या आईनं त्यांना खिडकीतून शेजारणीच्या हातात दिलं. शेजारीण वळसा घालून दारातून आत आली आणि म्हणाली, "लांडग्याचं पिल्लू सापडलंय गं, पाळतेस का?" मरणानं पोराला ओळखू नये म्हणून. पोर जगलं, नाव चिकटलं, पुढे कागदोपत्रीही तेच लागलं.

माझा तान्हा वेंडेल आजारी पडला, तेव्हा आईनं खिडकी उघडली होती. तू नुकताच बुडापेस्टहून शिकून आला होतास. "ताई, तूसुद्धा? अगं, डॉक्टर येतोय ना!" म्हणून हसलास. मला लाज वाटली. खिडकी मीच लावली.

कशानंच वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मला पटतं. चाळीस वर्षं रोज पटवून घेतेय, आता दमले.

हे पत्र पिठाच्या डब्यामागे राहील. तुला वेगळं कार्ड टाकते : पणजोबांनी लांडगाच मारला होता. नातवाला म्हणावं, चित्रात चांगला मोठा काढ.

तुझी ताई,
एतेल्का