बहात्तरच्या आत

८ एप्रिल २०१८, रविवार

परीक्षितने घड्याळ आणून दिलं. वेळही दाखवतं, पण ते त्याचं मुख्य काम नाही म्हणे. मुख्य काम पल्स मोजणं, झोप मोजणं, पावलं मोजणं आणि हे सगळं गुडगावला परीक्षितच्या फोनवर कळवणं. म्हणजे चुगलीखोर.

मला काय झालंय, असं मी विचारलं. तो म्हणाला, काही नाही गं आई, महिनाभर घालून बघ, मग आपण नीट बसून बोलू. सूनबाई कृतिका त्याच्याकडे बघत होती. तो घड्याळाच्या खोक्याकडे.

समजायचं ते मी समजले. छत्तीस वर्षं सरकारी नोकराची बायको होते. आधी रिपोर्ट, मग बदलीचा हुकूम. रिपोर्ट वाईट आला की मला दिल्लीतल्या ह्या द्वारकेतून उचलून गुडगावला एकविसाव्या मजल्यावर नेणार.

जाणार नाही. ह्यांच्या मिनिस्ट्रीतल्या लोकांनी ही सोसायटी काढली आणि फ्लॅट हातात यायला सतरा वर्षं लागली. ह्यांना राहायला आठच मिळाली. उरलेली मी वसूल करणार.

संकल्प: महिनाभर पल्स बहात्तरच्या आत. माझ्यासारख्या शांत बाईला काय अवघड आहे.

९ एप्रिल

सकाळी ८८. घड्याळ नवीन आहे. रुळेल.

१० एप्रिल

सकाळी ८४. संध्याकाळी पावणेसातला १०१. खालच्या मजल्यावरच्या अलकाने मिक्सर लावला होता. ही बाई चटणी वाटते की रस्ता खोदते?

१२ एप्रिल

सोसायटीच्या हॉलमध्ये माइंडफुल ब्रीदिंगचा क्लास सुरू झालाय. नाव घातलं. शिकवणारी रुचिता, वय सव्वीस. आधी एका कंपनीत एचआरला होती, लोकांना कामावरून काढायची. आता त्यांना श्वास घ्यायला शिकवते. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. मराठीच आहे, पण मला आंटीजी म्हणते. आंटीजी, श्वासाला जज नका करू, बस ऑब्झर्व्ह करा. सहासष्ट वर्षं श्वास घेतेय, त्यात बघण्यासारखं काही असतं तर आतापर्यंत दिसलं असतं.

मग म्हणाली, मनाला विचारा, कुठे दुखतंय? विचारलं. मन म्हणालं, गुडघा.

वरच्या मजल्यावरचे पद्माकरराव, निवृत्त अंडर सेक्रेटरी, डोळे मिटताच घोरायला लागले. रुचिता म्हणाली, देखिए, अंकलजी कितने रिलॅक्स्ड हैं. ऑफिसातही असेच असणार. देश उगाच मागे राहिला नाही.

१५ एप्रिल, रविवार

आठवड्याचा आढावा. सरासरी ८५. रोज साडेसहा ते सात उसळी. कारणं: अलकाचा मिक्सर, डासांच्या धुराची गाडी, भाजीवाल्याचं ओरडणं, लिफ्टचं दार. उपाय: संध्याकाळी खिडकी बंद ठेवायची.

खिडकीतून गेट दिसतं. पूर्वी पावणेसातला तिथे मिनिस्ट्रीची चार्टर्ड बस थांबायची. ती केव्हाच बंद झाली. हे जाऊन नऊ वर्षं झाली. त्याचा इथे संबंध नाही.

१६ एप्रिल

खिडकी बंद. १०६. उकडलं म्हणून.

१८ एप्रिल

परीक्षितचा फोन. आई, संध्याकाळी काय करत असतेस? म्हटलं, वाचत असते. खोटं नाही. पुस्तक मांडीवर असतं. मी सातवीत शाळा सोडली, पण ह्यांनी ऑफिसच्या लायब्ररीतून आणलेली दोन कपाटं वाचून संपवली, शेवटी शेवटी इंग्रजीसुद्धा. रुचिताने एमबीए केलंय आणि बिचारीला वाक्य संपवता येत नाही. लाइक, यू नो, आंटीजी.

२१ एप्रिल

सोसायटीची जनरल बॉडी मीटिंग. विषय पार्किंग. घड्याळ फ्रीजवर ठेवून गेले. त्याची कॅज्युअल लीव्ह. घसा बसेपर्यंत बोलले. शांतपणे.

परत आले तर परीक्षितचे चार मिस्ड कॉल. तीन तास पल्स का दिसत नाही म्हणे. पूजेला बसले होते, असं सांगितलं. तो म्हणाला, आई, तू आणि पूजा?

२४ एप्रिल, दुपारी

नामी युक्ती. पद्माकरराव जेवून दोन ते पाच झोपतात. त्यांना घड्याळ बांधलं. वहिनी, हे कुठल्या नियमाखाली? म्हटलं, शेजारधर्म. नियमात बसलं, ते झोपले. आता सरासरी सुधारेल.

२४ एप्रिल, संध्याकाळी

पद्माकररावांना पेसमेकर आहे हे ठाऊक होतं. पण तो झोपेत मिनिटाला साठ म्हणजे साठच ठोके देतो हे कुणी सांगितलं नव्हतं. तीन तास साठ, साठ, साठ. पट्टीने ओढल्यासारखी रेघ. परीक्षितने घाबरून मीटिंग सोडली. माझा फोन आत चार्जिंगला, म्हणून अलकाला लावला. ती दार बडवत आली, वहिनी, आहात ना? मी दार उघडलं. ती माझ्या रिकाम्या मनगटाकडे बघत म्हणाली, मग हे साठ कोण?

सोसायटीभर झालं. पद्माकरराव मात्र खूश. म्हणे, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाची कुणी तातडीने दखल घेतली.

परीक्षित गुडगावहून धावत आला. आई, असं का केलंस? म्हटलं, मशीन तपासत होते. तो बराच वेळ फोनवरचे रोजचे आलेख बघत बसला. मग त्याने विचारलं, आई, बाबा ऑफिसातून किती वाजता यायचे गं?

मी म्हटलं, चहा निवतोय तुझा.

२९ एप्रिल, रविवार

सरासरी ८३. पुढच्या रविवारी गुडगावला जेवायला बोलावलंय. आपल्याला बोलायचंय, असं कृतिका फोनवर म्हणाली. आवाज पडलेला होता. म्हणजे हुकूम तयार आहे.

मीही तयारी सुरू केली. नकाराचं भाषण. मुद्दे: माझं घर, माझी पुस्तकं, एकविसावा मजला हा माणसाचा नाही, घारीचा. तीन पानं झाली.

२ मे

भाषण आरशासमोर मोठ्याने म्हटलं. नंतर सहज बघितलं. ७१! रुचिताला सांगितलं तर म्हणाली, आंटीजी, ब्रेथ का जादू. ब्रेथचा काही संबंध नाही. माणसाला स्वतःचं म्हणणं पक्कं ठाऊक असलं की हृदय निमूट चालतं.

४ मे

संध्याकाळी १०३. अलका गावाला गेलीय. तरीही तिच्यामुळेच. सवय लावून ठेवलीय.

६ मे, रविवार, सकाळी

भाषण पर्समध्ये. कृतिका रडेल. रडू देईन. परीक्षित म्हणेल, आई, हट्ट करू नकोस. नात इशिता, वय नऊ, पदर धरेल. तिथे जरा जड जाईल. फार आग्रह झाला तर महिन्यातून आठ दिवस जायची तयारी आहे. फार म्हणजे फारच झाला तर दहा. हे आधी बोलायचं नाही.

६ मे, संध्याकाळी

कृतिका रडली. तेवढं बरोबर निघालं.

इशिताची खोली खोक्यांनी भरलेली होती. परीक्षितला टोरांटोला नोकरी मिळालीय. जूनमध्ये तिघं जाणार. जानेवारीतच ठरलं होतं, मला सांगायचा धीर होत नव्हता. म्हणून आधी घड्याळ दिलं. तिथून तू बरी आहेस हे रोज दिसेल, आई, आणि रात्री झोप लागेल मला.

मी म्हटलं, छान झालं. अभिनंदन केलं. थंडीचे कपडे कुठून घ्यायचे ते सांगितलं. पर्स उघडलीच नाही.

जेवताना इशिता म्हणाली, आजी, तू पण चल ना यार, तिकडे खूप बर्फ असतो. मी घास खाली ठेवला. तेवढ्यात परीक्षित हसून म्हणाला, आजीला काय विचारतेस? तिचं उत्तर आपल्याला पाठ आहे, ती द्वारका सोडून कुठ्ठे जायची नाही.

सगळे हसले. मीही हसले. खरंच आहे ते, नसतेच गेले.

पण विचारायला हरकत नव्हती.