ह्यांची तोंडी परीक्षा

शनिवार, ११

शिंप्याला सुई टोचली, तीही टाचेत! मशीनखाली पडलेल्या मोडक्या सुईवर पाय दिला. "सुईला घाबरलो तर दुकान कसं चालवू?" म्हणत ह्यांनी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी ताप, बडबड, आणि आज आयसीयू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सेप्सिस आहे, काकू. जंतू रक्तात गेलेत." वयानं आमच्या लेकीएवढी असेल. पण बोलते ठाम.

लेक परदेशात. तिला कळवलं, पण "जरा ताप आहे" एवढंच. आयसीयूबाहेरच्या बाकावर मुक्काम ठोकलाय.

रविवार, १२

अकरा वाजता परीक्षा. वार कोणता? आपण कुठे आहोत? मी कोण?

हे डॉक्टरीणबाईंकडे नीट बघून म्हणाले, "बाही बावीस, खांदा चौदा. ट्रायलला परवा या."

मला हसू आवरेना. ती मात्र हसली नाही. "मेंदूवर परिणाम दिसतोय. रोज विचारणार आहे."

मेंदूवर! चाळीस वर्षं हा माणूस माझ्याशी आमटीतल्या मिठावरून भांडतोय. उद्या भांडायलाच विसरला तर मी करायचं काय?

सोमवार, १३

लिहायची लाज वाटते. पण वहीपासून काय लपवायचं?

एकतीस वर्षं मास्तरकी केली. कॉपी करणाऱ्याचा कागद शंभर पावलांवरून ओळखायचे. आणि आज उशी सारखी करायच्या निमित्तानं वाकले नि ह्यांच्या कानात पुटपुटले — सोमवार! हे पोपटासारखे, "सोमवार." मग हॉस्पिटल. मग डॉक्टर. पैकीच्या पैकी!

"अरे वा, काका सुधारतायत," ती म्हणाली. मी बाहेर येऊन दोन बिस्किटं खाल्ली. तीन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

मंगळवार, १४

पकडले गेले.

सकाळी ह्यांच्या हिरड्यांतून रक्त. डॉक्टरीणबाई रिपोर्ट हातात घेऊन कपाळाला आठ्या घालून उभी. मी विचारलं तर तिनं समजावलं, "रक्त बारीक नळ्यांत नको तिथं गोठतंय. त्यातच गोठवणाऱ्या पेशी संपतायत, म्हणून दुसरीकडे वाहतंय." म्हणजे दोरा आतल्या आत गुंत्यात संपतोय आणि वरचा टाका उसवतोय! "पण रक्त इतकं बिघडतंय आणि डोकं मात्र सुधारतंय, हे मला जुळत नाही." मग ह्यांच्याकडे वळली. "काका, आज वार कोणता?"

मी उशीकडे वाकले. "मंगळवार म्हणा."

हे मोठ्यांदा, "मंगळवार म्हणा!"

सगळा आयसीयू ऐकत होता. मला बाकावर उभं केलं असतं तरी चाललं असतं. ती ओरडली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, "डोकं सुधारतंय असं समजून मी काल टाच चिरून आत बघायचं थांबवलं, काकू."

माझ्या एका शब्दापायी एक दिवस गेला. ह्यांचा.

लगेच डोक्याचा स्कॅन. आत रक्तस्राव नाही. मग रक्तपेशी चढवून टाच उघडली. खोलवर पू निघाला. आता नुसती वाट बघायची. डोळे मिटतायत.

बुधवार, १५

बाकावरच डोळा लागला होता. दचकून उठले, घड्याळात सहा. चला, सकाळ झाली! इथं खिडकी नाही, दिवेच दिवे. नर्स म्हणाली, "ताप उतरतोय."

गुरुवार, १६

हिरड्या कोरड्या. हे झोपून. मला आत जायला बंदी नाही, वाकायला आहे.

शुक्रवार, १७

पेशी वाढतायत. डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मिटले. ओळखलं की नाही, देव जाणे.

शनिवार, १८

परीक्षा. मला पडद्याबाहेर उभं केलं, तोंडावर बोट.

"आपण कुठे आहोत?" "हॉस्पिटलात." मी पडद्याला कान लावला. "मी कोण?" "डॉक्टर. कोट खांद्यात सैल झालाय, टीप मारून देईन." आणि वार?

"शुक्रवार."

शनिवार आहे हो, शनिवार! पुढचं ऐकायला थांबलेच नाही. बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले. माणूस परत आला, पण अर्धाच.

शुक्रवार, १७

वरचं पान खोडलं आहे.

डॉक्टरीणबाई मला शोधत आली. "रडता कशाला? आज शुक्रवारच आहे, काकू!" मंगळवारी संध्याकाळच्या सहाला मी सकाळ समजून नवी तारीख टाकली, आणि पुढे तीच ओढत गेले.

ह्यांना हे कळलं तर पडल्यापडल्या म्हणतात, "एकतीस वर्षं हजेरी घेतलीस ना गं? बस बाकावर. आणि आमटी घरून आण. मीठ बेतानं."