वन्संच्या गाडीचं डावं दार

६ तारीख, दुपार
यांनी वन्संची गाडी फाटकाच्या खांबावर घातली. वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. सध्या प्रवासात, २६ला येणार आणि मग कायमच्या मुलाकडे परदेशी. गाडी आमच्याकडे सांभाळायला. नीट ठेवलीत तर जाताना भाचीला देईन, असं बोलून गेल्यात. लेकीची नोकरी एक तारखेपासून, तीही गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि इथे डावं दार पुठ्ठ्यासारखं चेपलेलं. हे म्हणतात, खांब मध्ये आला. मी शांत आहे.

७ तारीख
गॅरेजवाल्याने आकडा सांगितला. इथे लिहीत नाही, वहीला झेपणार नाही. घरीच करायचं ठरवलं. पत्रा तो पत्रा. जन्मभर डबे-पातेली मीच ठोकून सरळ केलीत. देवापुढे दिवा लावला आणि वन्संना फोनवर सांगितलं, गाडी होती तशी आहे. खोटं नव्हे. होणारच आहे, जरा आधी सांगितलं इतकंच.

९ तारीख
दाराचं अस्तर काढून हे आतून ठोकत होते, मी बाहेरून "अजून, अजून" म्हणत होते. या माणसाला थांबायचं कळत नाही. खड्डा गेला, टेंगूळ आलं. सासूबाई पायरीवरून म्हणाल्या, "काय गं, गाडीला दिवस गेलेत की काय?" लक्ष दिलं नाही. लेक म्हणाली, "आई, अजून वेळ आहे, गॅरेजला दे. पहिल्या पगारात फेडते." पोरीला धीर म्हणून नाही. बापावर गेलीय.

१२ तारीख
पत्र्याचे खड्डे बुजवायची पुटी आणली. सोबत एक छोटी ट्यूब मिळते, ती मिसळली की पुटी कडक होते. दुकानदार म्हणाला, सगळी घाला. तो म्हणणारच, त्याला दुसरी विकायचीय. नखाएवढी घातली, बाकीची फ्रिजमध्ये. उलथन्याने टेंगूळ झाकेल इतका जाड थर झकास लिंपला. हात अजून चांगला आहे माझा.

१५ तारीख
पुटी ओलीच. हवा दमट आहे. हे दाराला टेकले नि चिकटले. शर्ट तिथेच ठेवून माणूस तेवढा सोडवला. पकड उत्तम, हे सिद्ध झालं. जप वाढवलाय.

१९ तारीख
सासूबाई रोज बोट खुपसून बघतात. "कणीक बरी भिजलीय," म्हणतात. म्हातारपणी काही उद्योग लागतोच. रंग दिला की वरून आपोआप आवळून येईल. गाडी पांढरीच, आणि फाटकाचा उरलेला पांढरा होता, तोच मारला.

२० तारीख
वाळल्यावर रंग किंचित पिवळा दिसतो. हे म्हणाले, कावीळ झालीय. मग उजवी बाजूही रंगवली. आता ठोकलेली बाजू कोणती, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. ही युक्ती मॅट्रिक झालेल्या बाईला सुचली, इंजिनियर लेकीला नाही.

२६ तारीख
वन्सं आल्या. गाडीसमोरच उभ्या राहून विचारतात, "दादा, माझी गाडी कुठाय?" क्षणभर धन्य झाले. इतकं काम कुठल्या गॅरेजात झालं असतं? मग त्या बूट काढायला म्हणून डाव्या दाराला हात टेकून उभ्या राहिल्या. पंजा मनगटापर्यंत आत. सासूबाई म्हणाल्या, "जोर लावू नकोस गं, तुझा दादा शर्ट सोडून सुटला होता."
वन्संनी हात पुसला, किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "वहिनी, ही आता तुमचीच. भंगारवाल्याकडे न्यायची माझी हिंमत नाही."
म्हणजे गाडी लेकीला मिळाली! माझा जप फळला. देव आहे.

१ तारीख, सकाळ
लेक दोन बस बदलून कामाला गेली. म्हणाली, "आई, त्या गाडीतून उतरताना कुणी पाहिलं तर पहिल्याच दिवशी राजीनामा द्यावा लागेल." उजाडायच्या आत निघाली, धड खाल्लंही नाही. मी फाटकापर्यंत गेले. तिने मागे वळून पाहिलं नाही.
गाडी दारात उभी आहे. टप सपाट आहे, त्याला आम्ही हात लावला नव्हता. त्यावर गाद्या वाळत घातल्या.