मधले दोन किलोमीटर

२ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

अकरा वर्षं माझी पत्रं तू न फोडता परत केलीस. हे तरी फोडशील या आशेवर लिहितो. आपल्या दोन गावांमधली वीस किलोमीटरची लाइन उखडली, तिथे आता चालायची आणि सायकलींची वाट झाली आहे. तीस वर्षं हातोडा घेऊन जिथे मी रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत फिरलो, तिथे पोरं रंगीत टोप्या घालून उंडारतात. पहिल्यांदा मी नाक मुरडलं, आता रोज जातो.

एक गोष्ट तुला समोर बसून सांगायची आहे, कागदावर धीर होत नाही. पंधरा तारखेच्या रविवारी सकाळी दहाला नवव्या किलोमीटरवर ये. साधारण अर्धी वाट पडेल. उत्तर नको, आलीस की तेच उत्तर.

राग असू दे, पण थोडी मायाही राहू दे.

तुझा,
दादा

१६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी सुनेकडून सायकल शिकले, कशासाठी ते विचारू नकोस. दोनदा कुंपणात पडले. सुनेने हसू दाबलं, मुलाने तेवढीही तसदी घेतली नाही. काल साडेनऊलाच नऊच्या निळ्या पाटीखाली जाऊन बसले. थर्मासमध्ये तुझा तो पाकासारखा गोड चहा होता. सायकलवाल्यांनी तीनदा विचारलं, पंक्चर झालंय का. मी हो म्हणाले. दोन वाजता चहा गवतात ओतला आणि परतले.

हे गेले त्या दिवशीही मी अशीच दाराकडे डोळे लावून बसले होते. रजा मिळाली नाही, असं तू कळवलंस. काल कोणाची रजा नडली? पुन्हा लिहू नकोस.

लोभ होता तेवढा पुरे झाला.

ठकी

२० फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून कपाळावर हात मारला. मीही दहा ते तीन तिथेच होतो, रेल्वेच्या जुन्या नवव्या दगडावर. ते दगड माझ्या गावाकडून मोजलेले. नव्या पाट्या तुझ्याकडून सुरू होतात. ज्यांनी रूळ काढले त्यांच्या पाट्या कशाला वाचायच्या, हा माझा ताठा. काल मुलाने सायकलवर मागे बसवून नेलं. माझ्या दगडाच्या पाठीशीच पाटी आहे, अकराची. तू नऊ आलीस, मी नऊ आलो. मधले दोन राहिले, आणि मधे एक वळण.

त्या दिवशीच्या चालण्याने गुडघा सुजला आहे. समोर बसणं कधी होईल कोण जाणे, म्हणून लिहूनच टाकतो. रजा मिळाली नाही हे खोटं होतं. तुझे यजमान अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, तेव्हा साहेब स्वतः जा म्हणाले होते. पण तोच लाइनचा शेवटचा दिवस. शेवटच्या गाडीला हिरवं निशाण दाखवायचा मान मला मिळाला होता. ती गाडी तुझ्याच गावी येत होती, ठकी. मी निशाण दाखवलं आणि चढलो नाही. ती वळणाआड गेली तेव्हा कळलं मी काय केलं ते. पुढे दुसऱ्या कुठल्या वाटेने यायला तोंड उरलं नाही.

लोभ मागायचा हक्क नाही, सवयीने मागतो.

दादा

२४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रजेचं मला ठाऊक होतं. तुझे साहेब महिन्याभराने सांत्वनाला आले, तेव्हा सहज बोलून गेले. तू स्वतःच्या तोंडाने कधी सांगतोस, याची वाट बघत होते. प्रत्येक पाकिटात तेच खोटं असेल या भीतीने अकरा वर्षं एकही फोडलं नाही. आता वाटतं, एखादं फोडायला हवं होतं. त्यांतल्या एखाद्यात खरं लिहिलं होतंस का, ते मला सांगू नकोस.

माफ केलं असं लिहवत नाही. यांनी शेवटी विचारलं होतं, तुझा दादा आला का. मी म्हटलं, गाडीत बसलाय.

एक तारखेच्या रविवारी मी माझ्या पाटीखाली बसेन. मामांचा गुडघा दुखतोय तर आपणच दोन किलोमीटर पुढे जाऊ, असं सून म्हणाली. मी नाही म्हटलं. तू दगडापर्यंत मुलाच्या सायकलवर ये. मधले दोन मात्र पायी, बसत उठत, हवं तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून. चहा आणते आहे. या वेळी अंधार पडला तरी मी उठणार नाही.

लोभ होता म्हणूनच राग एवढा टिकला.

ठकी