दहावा झालेल्या लेकीची निरवानिरव

मी, मोहिनी भीमा ढेबे, वय ५८, धर्म ख्रिस्ती, अविवाहित, निवृत्त परिचारिका, राहणार भोर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की मी जिवंत आहे. वकीलसाहेब म्हणाले, हे लिहावं लागत नाही. माझ्या बाबतीत लागतं. तेहतीस वर्षांपूर्वी मी ख्रिस्ती झाले, त्याच महिन्यात माझे वडील भीमा, म्हणजे आमचे आबा, यांनी गुंजवणे गावाच्या वरच्या आमच्या धनगरवाड्यावर माझा दहावा घातला. डोकं भादरलं, ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळा म्हणे लगेच शिवला. खोटारडा मेला! माझ्या इच्छा तेव्हाही राहिल्या होत्या, आजही आहेत. त्या अशा.

१. माझा पोटाचा आजार पसरला आहे. नाताळ दिसेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. आई-आबांच्या आधी मी जाणार. म्हणून भोरमधलं माझं दोन खोल्यांचं घर मी आई सारजाबाई व आबा यांना देते. वाड्यावर रस्ता नाही. माणूस आजारी पडला की झोळीत घालून खाली आणतात. हे घर मी दवाखान्याजवळ घेतलं ते त्यांच्यासाठीच. उंबऱ्याला पायरी ठेवली नाही, संडासात धरायला दांडा बसवला. सात वर्षं तो दांडा मी एकटीच धरते आहे.

त्यांनी तिथं आपले देव मांडावेत. भिंतीवरचा क्रूस नको असेल तर काढून चर्चमध्ये द्यावा. मला राग येणार नाही. चर्चच्या मंडळीतल्या कुणी त्यांना उपदेश करायला जाऊ नये. भाजी-औषध घेऊन जावं.

२. भाऊ धनाजी याला घरात वाटा नाही. दर नाताळला मी आईसाठी त्याच्या हाती लुगडं पाठवलं. यानं ते आपल्या बायकोच्या, धोंडाबाईच्या नावानं दिलं. "तुझं नाव घेतलं असतं तर चुलीत गेलं असतं, आक्का," म्हणतो. खरंही असेल. पण माझं लुगडं नेसून आई मला मेलेली म्हणत होती, हे मी कसं सोसलं ते मला ठाऊक. माझी स्कूटर त्याला द्यावी. बदल्यात त्यानं हे मृत्युपत्र आई-आबांना मोठ्यानं वाचून दाखवावं. त्यांना अक्षरओळख नाही. आणि हे कलम गाळायचं नाही, धन्या.

३. प्रभूनं क्रुसावर टांगलेलं असताना आपल्या आईची सोय लावून दिली. मी तर खाटेवर आहे, पाठीला उशी आहे. तेव्हा जे कधी बोलले नाही तेही लिहिते. आये, आबा, माजा तुमच्यावर लई जीव हाय. रोजच्या प्रार्थनेत पैलं नाव तुमचंच घेते. तुमी न्हाई तर घरात लई एकटं वाटतं.

४. आता माझा गुन्हा. बाप्तिस्मा घेऊन मी वाड्यावर आले तेव्हा आईनं दारातच बिरोबाचा भंडारा माझ्या कपाळाला लावला. म्हणाली, "देव कुठलाबी धर, पर लेक माजीच हाईस." आणि मी ती हळद चारचौघांत पदरानं पुसली. चर्चच्या पाळकसाहेबांनी तसं सांगितलं नव्हतं. भक्ती नवी होती, अक्कल कमी होती. आईबापाचा मान राखण्याची आज्ञा तोंडपाठ होती, तरी पुसली. आबांनी दहावा घातला तो त्यापायी, बाप्तिस्म्यापायी नव्हे.

माझं दफन ख्रिस्ती रीतीनं व्हावं. मात्र पेटी बंद करण्याआधी आईची वाट पाहावी. वाड्यावरून उतरायला तिला दुपार होईल. ती आली, तर तिला पुढं येऊ द्यावं आणि तिला माझ्या कपाळाला जे लावायचं असेल ते लावू द्यावं. पाळकसाहेबांना विचारून ठेवलं आहे.

कुणी पुसू नये.

सही: मोहिनी भीमा ढेबे

आमच्यासमोर सही केली:
१. वैष्णवी सावळाराम शिंदे, शेजारीण
२. कोंडिबा गेनबा साळुंके, निवृत्त एसटी चालक

ठिकाण: भोर, जि. पुणे
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४